पऱ्हाटीले माशी कायले पायजे?

मधमाश्यांचा विषय निघाला की यवतमाळ जिल्ह्यात एक हसू हमखास उमटतं. कृषी केंद्राच्या बाकावर उमटतं, तालुक्याच्या शेतकरी मेळाव्यात व्यासपीठावर उमटतं, आणि ज्यांचं वावर बटईनं दुसराच वाहतो अशा पगारदार शेतकऱ्यांच्या दिवाणखान्यात तर फारच ऐसपैस उमटतं. हसणारा म्हणतो, ‘पऱ्हाटीले माशी कायले पायजे?’ शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी हा प्रश्न नव्हे. निकाल आहे.

निकालपत्र साधारण असं. मधमाशी म्हणजे मध, आणि मध म्हणजे पुण्या-मुंबईच्या लोकांच्या कोमट पाण्यातला चमचा. आपल्याकडे कापूस आणि सोयाबीन. ही पिकं आपलं आपण फळतात. गहू-ज्वारीला वारा पुरतो. देशात मधाचं उत्पादन वाढतंय, मध परदेशी जातोय, तेव्हा माश्या कमी झाल्या ही आवई आहे. कुठं झाल्याच असतील कमी, तर पेट्या आणून ठेवू. आणि मग हुकमाचं पान: फवारा थांबवला तर शेतकरी मरेल, तुम्हाला माशी प्यारी की माणूस?

यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि माझी चिडचिड नेमकी त्या अर्ध्यापाशी सुरू होते.

मधाचं लवकर उरकतो. मधमाशीला मधावरून ओळखणं म्हणजे बैलाला शेणावरून ओळखणं. शेण उपयोगी असतं, पण शेणासाठी कुणी बैल पाळत नाही. तो औताला लागतो. माशीचं औत म्हणजे या फुलाचे पराग अंगाला माखून त्या फुलावर नेणं. हे ती आपल्यासाठी करत नाही. स्वतःच्या अळ्यांसाठी पराग आणि मकरंद गोळा करता करता ते होऊन जातं. म्हणून त्याची मजुरी आपण कधी दिली नाही, आणि ज्या कामाची मजुरी द्यावी लागत नाही ते काम आपल्याला दिसतही नाही. घरातल्या बाईला विचारा.

आता पऱ्हाटी. कपाशीचं फूल स्वतःच्याच परागानं फळू शकतं, हे खरं. सकाळी दुधी-पिवळं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. तेवढ्या वेळात आपलं आपण उरकून घ्यायची सोय त्याच्यात आहे. पण कपाशीचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्यानं उडत नाहीत. माशी फिरली तर बोंडातली सरकी अधिक भरते. आणि सरकीचं काय होतं? तेल माणसाच्या कढईत जातं, ढेप म्हशीच्या गव्हाणीत. आपण फक्त धागा पिकवतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस सकाळचा चहा बिनदुधाचा पिऊन पाहावा.

खरी गंमत तर बियाण्याच्या पाकिटात आहे. ४७५ ग्रॅमचं जे बीटी पाकीट मृगाआधी आपण रांगेत उभं राहून घेतो, ते संकरित बियाणं असतं. १९७० साली सुरतेत ‘एच-४’ हा संकरित कापूस तयार झाला, तेव्हापासूनची ही वाट. संकर करायचा म्हणजे दुपारनंतर मादी ओळीतल्या कळीचे पुंकेसर नखानं खुडून काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून तिच्यावर घासायचं. एकेक फूल धरून, हंगामभर. आंध्र-तेलंगणात, कर्नाटकात, गुजरातेत हे काम बायका करतात, आणि शाळेच्या वयाच्या मुलीही करत आल्या आहेत. बालमजुरीच्या अहवालांत कापूस-बियाण्याचे प्लॉट उगीच आलेले नाहीत. चीनच्या सिचुआन प्रांतात शेतकरी झाडावर चढून ब्रशनं नाशपातीच्या फुलांना पराग लावतात, ही गोष्ट आपल्याकडे ‘बघा, जग कुठं चाललं’ म्हणून डोळे मोठे करून सांगतात. कशाला एवढं लांब जायचं? पऱ्हाटीला माशी लागत नाही म्हणणाऱ्याच्या हातातलं पाकीटच मुळी माशी झालेल्या बाईच्या बोटांनी भरलेलं आहे.

सोयाबीन बहुतांशी आपलं आपण फळतं. ही एक सूट देऊन टाकतो.

तुरीला देत नाही. पऱ्हाटीच्या ओळींमध्ये जी तूर उभी असते, तिचं फूल स्वतःचं स्वतः फळू शकतं, पण आग्या माशी आणि तिच्या रानटी बहिणी त्यावर इतक्या येतात की तुरीचं वाण शुद्ध राखणं हे बियाणं करणाऱ्यांचं कायमचं दुखणं आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं तुरीचे संकरित वाण काढले ते याच सवयीच्या भरवशावर: एका ओळीत परागच नसलेली झाडं, शेजारच्या ओळीत पराग असलेली, आणि मधली ने-आण सगळी माश्यांकडे. कापसाला ज्या कामासाठी बाईची बोटं लागली, ते तुरीत माशीनं फुकट करून दिलं.

आणि मग वेल. कोहळं, दोडका, कारलं, काकडी, टरबूज. यांची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मधे कुणी फिरलं नाही तर मादी फूल पिवळं पडून गळतं, बस. टरबुजाच्या एका फुलावर माश्यांच्या खेपा पुरेशा झाल्या नाहीत तर फळ वाकडं धरतं. कांद्याच्या गोंड्यात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर मागाहून, त्यामुळे कांद्याचं बी धरायला माशीची ने-आण लागतेच. तिकडे बुलढाण्यात कांद्याचं बी करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. सूर्यफुलाचं तसंच. शेवग्याला मोठे काळे भुंगे लागतात. वाऱ्यावर निभावणारी भाकर ताटातून बाजूला काढा आणि उरलेल्या ताटाकडे पाहा.

जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकं कमी-अधिक प्रमाणात कीटक-पक्षी-वटवाघळांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत, असं २००७ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटानं मांडलं. वजनानं मोजलं तर हा वाटा जगाच्या अन्नोत्पादनाच्या ३५ टक्के. बाकावरचे गृहस्थ लगेच म्हणतील, म्हणजे ६५ टक्के सुरक्षित! सुरक्षितच. गहू, तांदूळ, ज्वारी, मका. पोट त्यानं भरेल. अंग कशानं भरणार? अ जीवनसत्त्व ज्यातून मिळतं ते कोहळं, फळं, भाज्यांची बियाणी ही सगळी त्या उरलेल्या ३५ टक्क्यांत येतात. उपाशी कुणी मरणार नाही, नुसत्या भाकरीवर खुरटून जगेल, हा युक्तिवाद तुम्हाला पटत असेल तर तो आधी अंगणवाडीच्या वजनकाट्यासमोर उभं राहून मांडा.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. ‘आपल्या पिकांना माशी लागत नाही’ हे वाक्य कारण म्हणून फेकलं जातं. ते परिणाम आहे. जिल्ह्याच्या साधारण नऊ लाख हेक्टर खरिपात निम्म्याच्या आसपास पऱ्हाटी, उरलेल्यात मोठा वाटा सोयाबीनचा. हे आभाळातून पडलं का? पूर्वी वावरात दोन ओळी ‘घरी खायच्या’ म्हणून असत: चवळी, अंबाडी, मूग, तीळ. धुऱ्यावर वाल चढलेला असे, कोठ्यावर कोहळ्याचा वेल. आता मजूर मिळत नाही म्हणून तणनाशक आलं, आणि तणनाशकाच्या लेखी ओळीतली अंबाडीही तण आणि धुऱ्यावरचं फूलही तण. चोरून येणारं तणनाशक-सहनशील कापसाचं बी लावलं तर मधली तूरसुद्धा तणच. म्हणजे आधी माशीला लागणारी सगळी पिकं आणि फुलं आपण वावराबाहेर घालवली, आणि आता रिकाम्या वावरात उभं राहून विचारतो, माशीचं इथं काय काम? घरातल्या भांड्यांना गिऱ्हाईक शोधून झाल्यावर चूल लागतेच कशाला, असं विचारण्यातली ही गत.

त्याची किंमत कोण देतो? डाळीच्या पिशवीतली तूर मोझांबिकहून आणि म्यानमारहून येते. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. सूर्यफुलाचं तेल रशिया-युक्रेनहून, म्हणून तिकडे तोफ उडाली की आपल्या फोडणीचा भाव चढतो. त्या शेतांवर कुणाची तरी माशी राबतेच आहे. फक्त ती आपली नाही.

‘आकडा दाखवा’ म्हणणारे विद्वान वेगळे. यांचं म्हणणं, मध वाढतोय म्हणजे माशी वाढतेय. कोंबड्यांच्या गणतीवरून रानातली पाखरं वाढल्याचं जाहीर करावं तसं हे आहे. पेटीत मावणारी जी माशी बहुतेक मध देते, ती मेलीफेरा युरोपची. १९६०च्या दशकात आजच्या हिमाचलातल्या नगरोटा बगवानला ती आपल्याकडे रुजवली गेली. ती पाळीव जनावर आहे. साखरेचा पाक पाजून, ट्रकमध्ये घालून ती राजस्थानच्या मोहरीत नेता येते. यवतमाळच्या रानातल्या माश्या निराळ्या. वडा-पिंपळाला, सावरीला, पाण्याच्या टाकीला उघडं पोळं टांगणारी आणि हंगामाप्रमाणे मुक्काम हलवणारी आग्या. तिला आजवर कुणी पेटीत कोंडू शकलेलं नाही. ढोलीत, भिंतीच्या भोकात, वारुळात राहणारी सातेरी. धुऱ्याच्या झुडपात तळहाताएवढं पोळं एका फांदीला गुंडाळणारी फुलोरी. यांचा रकाना ना तलाठ्याच्या पीकपेऱ्यात आहे, ना पशुगणनेत. ज्याला कधी मोजलंच नाही त्याच्याकडेच कमी झाल्याचा दाखला मागायचा, ही युक्ती जुनी आहे. महसूल खात्यात ती रोज वापरतात.

तरी जे आहे ते पाहा. १९९१-९२ला दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं सातेरीच्या पाळलेल्या वसाहतींची धूळधाण केली. कोलकाता विद्यापीठाचे पार्थिब बसू यांनी २०१०मध्ये देशातल्या भाजीपाल्याचे आकडे तपासून दाखवलं की ज्या भाज्यांना परागीभवन लागत नाही त्यांची उत्पादकता वाढत गेली, आणि ज्यांना लागतं त्यांची १९९३च्या सुमारास अडली. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०२०मध्ये शहराच्या प्रदूषित भागातल्या आग्या माश्या पकडल्या, तर त्यातल्या ८० टक्के दिवसभरात मेल्या. आणि वाढत्या मधाचं म्हणाल, तर त्याच २०२० साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं १३ ब्रँड तपासले. सगळ्या चाचण्यांत तीनच टिकले. कंपन्यांनी ते नाकारलं, नाकारणारच. पण ज्या बाटलीत माशीपेक्षा साखरेचा पाक जास्त असल्याचा संशय आहे, ती बाटली माश्यांची संख्या सिद्ध करायला पुढे करू नये एवढं तरी मागता येईल. मधाचं बोट लावणं म्हणतात ते याला.

जाता जाता माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द. ‘माश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल’ हे आइन्स्टाइनच्या नावावर खपवणं थांबवा. त्यानं असं म्हटल्याचा पुरावा नाही, आणि ते खरंही नाही. अशा थापा मारल्या की बाकावरच्या हसण्याला आयतं निमित्त मिळतं.

आता हुकमाचं पान. माशी प्यारी की माणूस?

हा प्रश्न जगात कुठंही विचारा. यवतमाळात विचारायला मात्र वेगळीच छाती लागते. २०१७चा पावसाळा अजून कुणी विसरलेलं नाही. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, बॅटरीच्या पंपाचा फवारा तोंडावर येत होता, दोन-दोन तीन-तीन औषधं एका टाकीत कालवलेली. आपण त्याला अजून औषधच म्हणतो. शेकडो शेतमजूर आणि शेतकरी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती झाले, कुणाला दिसेनासं झालं, आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं मेली. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. मग विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. त्या पाचांतलं एक होतं फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचं मिश्रण. ही दोन नावं लक्षात ठेवा. युरोपीय संघानं २०१३ साली या दोन्हींच्या वापरावर निर्बंध घातले, आणि २०१८मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंदच केला. कारण? मधमाशी.

म्हणजे तिकडे जे माशीसाठी वाईट ठरलं, तेच इकडे माणसाच्या नाकातोंडात गेलं. डबा एकच. आणि तुम्ही मला विचारता, माशी की माणूस? मधे रेघ मारायची कुठं ते दाखवा.

तेव्हा दोष कुणाला दिला गेला तेही आठवा. मजुरानं किट घातलं नव्हतं. सप्टेंबरच्या उकाड्यात, पुरुषभर पऱ्हाटीत, रोजावर काम करणाऱ्यानं प्लास्टिकचा अंगरखा आणि चष्मा घालायला हवा होता. आज माशीच्या बाबतीत तोच सूर: सूचना लिहिलेली असते ना, मधमाश्या फुलांवर असताना फवारू नये. असते. डब्यावरच्या घडीपत्रकात, मुंगीच्या अक्षरात. माश्या सकाळी फिरतात आणि मजूरही सकाळीच येतो. संध्याकाळी फवारायला तो थांबला तर त्या जादा वेळेचं रोज कोण देणार? बरं, संध्याकाळी फवारलं तरी भागतं का? कपाशीच्या पानामागे शिरेवरसुद्धा मकरंद झरतो, माशी तिथंही जाते. आणि काही बियाणी पेरण्याआधीच इमिडाक्लोप्रिडमध्ये घोळलेली असतात. ते झाडात भिनतं, फुलाच्या मकरंदापर्यंत पोहोचतं. त्या विषाला कुठली वेळ टाळायची?

आणि एवढं करून अळी मेली असती तर मी गप्प बसलो असतो. बीटी कापूस २००२ला आला, तेव्हा आश्वासन होतं फवारे कमी होण्याचं. काही वर्षं झालेही. मग मावा-तुडतुड्यांचे फवारे वाढले, मग गुलाबी बोंडअळी दुसऱ्या पिढीच्या बीटीलाही पुरून उरली. के. आर. क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२०मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला: शेतकऱ्याचा कीटकनाशकांवरचा खर्च आज बीटी येण्याआधीपेक्षा जास्त आहे. माशी मेली, मजूर मेला, शेतकरी कर्जात गेला. अळी मजेत आहे. फवारा कुणाला वाचवतो म्हणालात?

फवारा बंद करा असं म्हणतंय तरी कोण? कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले तर फवारा, हा हिशेब कापूसशास्त्रानं केव्हाच सांगितला आहे. पहिले दोन महिने जहाल औषध टाळा म्हणजे मित्रकीटक टिकतील, हेही. पण सापळ्यातले पतंग मोजण्यात कुणाचं कमिशन नसतं. कुठली बाटली, किती बाटल्या, कशात कालवून, हे आजही ठरतं कृषी केंद्राच्या काउंटरवर. आणि तिथलं हसू हे बाकावरच्या हसण्याहून वेगळं नाही.

राहिल्या पेट्या. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२मध्ये ‘मधाचं गाव’ झालं, तेव्हापासून प्रत्येक जिल्ह्याला तसं गाव हवंय. मांघरला जांभूळ, हिरडा, कारवी आहे. चहूबाजूंनी जंगल आहे. आमच्या पेटीतली माशी खाणार काय? मार्चमध्ये धुरे पेटवून देतो, त्यात फुलोरीचं पोळं झुडपासकट जातं. उरलेलं तणनाशक उरकतं. वडावरचं आग्यामोहोळ दिसलं की आधी टेंभा शोधतो. भाड्याची पेटी अशा वावरात ठेवणं म्हणजे दुसऱ्याचं गुरू आपल्या विषारी चाऱ्यावर बांधणं. झरी-जामणी, केळापूर, घाटंजीच्या रानात मध काढणाऱ्या कोलामांना हे कुणी शिकवावं लागत नाही. २००६च्या वनहक्क कायद्यानं मध हे गौण वनोपज म्हणून त्यांच्या हक्काचं केलं. कागदावर हक्क आला खरा, पण रानाला लागून असलेल्या वावरात फवारा उडतोच आहे.

पेटीनं भागलं नाही तर यंत्र आहेच, असंही ऐकतो. सध्या फवारणीच्या ड्रोनचं कौतुक चालू आहे. इंग्रजीत ड्रोन हे मुळात नर मधमाशीचं नाव, ज्याला काम नावाची गोष्ट ठाऊक नसते, जो आयता बसून खातो. यंत्राला हे नाव ज्यानं दिलं त्याला विनोद करायचा नसावा.

तेव्हा पुढच्या खेपेला बाकावरून कुणी विचारलं, पऱ्हाटीले माशी कायले पायजे, तर वाद घालू नका. नाही लागत फारशी, म्हणा. पण पऱ्हाटी चुलीखाली जळते. चुलीवरच्या गंजात काय शिजतंय, ते झाकण काढून दाखव म्हणा.